स्पेअरचा पत्ता

...नाही नाही, तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? मागे आवाज येतोय ना माझा? हां. तर लॅपटॉपवर गाण्याचं सॉफ्टवेअर, हातात टॅबलेट, इथून बोट फिरवलं की तिकडे आवाज कमीजास्त, ऑर्केस्ट्रात माझं एवढंच काम! पण संदेश पाठवायचा तर त्याला पत्ता लागतो, पत्रासारखा. आधी ऑर्केस्ट्रा, मग ढोलकी, मग आवाज. पत्ता नीट असला की संदेश पोचतोच!

म्हणून पत्ते ठरवायला बसलो, तर सगळा ऑर्केस्ट्रा अंगावर आला राव! कुसुमताई म्हणतात, "मी गाणार, आणि माझं नाव ढोलकीच्या खाली?" अहो ताई, नुसतं लिहिण्यात खाली! भीमराज ढोलकीवाला म्हणतो, "भावा, मला वेगळं घर दे!" आणि कीबोर्डवाले आबाजी, "आमचं काय म्हणणं न्हाई. फकस्त आमाला वरती घ्या." वरती! मी काय फ्लॅट वाटतोय? शेवटी सगळ्यांना 'मुख्य' करून टाकलं. मुख्य गायिका, मुख्य ढोलकी, मुख्य कीबोर्ड... मिटलं!

राहिला कोरसचा माइक. आता मी चाकणच्या कंपनीत पॅनेलचं वायरिंग करणारा माणूस. आमच्याकडे शेवटची जागा मोकळी सोडतात, नाव 'स्पेअर', आणि ती बंदच ठेवायची. सवय हो! दिलं नाव, केला बंद.

आणि निघोजे गावच्या हळदीत त्या माइकवर कोण? आमची मिनल! बायको माझी! इतकी वर्षं कोरसमध्ये उभी, आता कुठे एकटीचं गाणं मिळालेलं, सगळं माहेर ऐकायला आलेलं... आणि तोंड हलतंय, आवाज नाही! मी टॅबलेटवर 'मिनल' शोधतोय, घाम फुटलाय, सापडतायत सगळे मुख्य! घाईत आबाजींनाच फुल्ल केलं! शेवटी भीमराजनं ढोलकी थांबवली, आबाजींनी हात उचलले, मांडव गप्प... आणि ती गायली हो, माइकशिवाय, शेवटच्या खुर्चीपर्यंत! खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले माझे.

टाळ्या संपल्या. तिनं टॅबलेट हातात घेतला, खालपर्यंत बघितलं, आणि अगदी शांतपणे, "अहो, हे स्पेअर कोण?"

तेव्हापासून पत्ते तीच लिहिते. सगळ्यात वर मिनल. आणि तळाला एक नवा: मिनल, मग नवरा, मग आवाज. आज निवेदन करायला मला उभं केलंय खरं, पण टॅबलेट बघा कोणाकडे आहे... अगं, दोनच मिनिटं! संपवतोच आहे! तर मंडळी, सांगायचं काय, पत्ता नीट असला की...

हॅलो? हॅलो?

...पोचला.