सूर्य पाठीशी होता

शिकाऊ लायसन्ससाठी ती कधीची ताटकळत बसली होती. लेक शाळेत होती. तिचा कोट तेवढा गुंडाळून मांडीवर घेतलेला. समोरच्या बाकावरचं वयस्कर जोडपं निलंबित लायसन्सच्या अपिलासाठी आलं होतं.

"साहेबांना सांगायचं, ऊन डोळ्यांवर आलं, म्हणून उभी मोटार दिसली नाही."

"सूर्य पाठीशी होता गं."

"साहेब काय तिथे ऊन बघायला उभे होते? लायसन्स परत हवंय ना?"

"हवंय तर. शाळेची व्हॅन दुसऱ्याच्या हातात बघवत नाही. पोरं अजून खिडकीतून हात करतात मला."

"मग पढवलंय तेवढंच बोला. घरी बसून नुसतं माझं डोकं खाताय."

"हळू बोल जरा. त्या ताईंचं बाळ झोपलंय."

"कुठलं बाळ?"

"हे काय, समोर मांडीवर. मघापासून बघतोय, किती शांत आहे बिचारं."

म्हातारीने समोर पाहिलं. तिची नि हिची नजरानजर झाली. हिने कोट छातीशी घट्ट धरला.

"अहो... कोट आहे तो."

"कोट?"

"लहान मुलाचा. गुंडाळून ठेवलाय."

म्हातारा पुढे वाकून कोटाकडे बघत राहिला. मग दार उघडलं आणि शिपायाने हाक दिली, "अपिलवाले, आत या!"

"चला. काय सांगणार आहात?"

"सूर्य पाठीशी होता, असंच सांगतो."

"बरं."

"रागावलीस?"

"नाही हो. हात द्या इकडे. दारात उंबरा आहे."