घंटीला तेल

नाही नाही, डंडा कापायचाच, भय्यासाहेब. कापायचा आणि खालून तिरपा पाइप वेल्ड करायचा, लेडीज सायकलला असतो तसा — फ्रेम कमजोर होते, हे तुम्ही दोनदा सांगितलंत, पण मी काही गव्हाची पोती लादून नेणार नाहीये, एकटी बसणार. नवी घ्या म्हणता? बघितल्या न, बाहेर टांगल्यात त्या — सीधं हँडल, जाड टायर, गुलाबी स्टिकर — बाजार खुला झाल्यापासून सगळ्या फ्रीगंजमध्ये सायकलींचा मेलाच लागलाय, छान आहेत, कोण नाही म्हणतं. पण मला हीच हवी. ह्यांची. बावीस वर्षांत ह्यांनी हिला माझा हात लागू दिला नाही — पुसायला तेवढी माझी, दर शुक्रवारी, एकेक स्पोक, रॉकेलच्या फडक्यानं — आणि चालवायचं नाव काढलं की म्हणायचे, ‘विनोदिनी, बायकांना मुळात तोलच नसतो.’ लोकांसमोर म्हणायचे. इथेच म्हणाले होते एकदा, तुमच्या ह्याच बाकावर बसून, आणि तुम्ही हसला होतात. राहू द्या, जुनी गोष्ट झाली. शिकले न मी शेवटी — दशहरा मैदानावर, महिनाभर, भाड्याची सायकल घेऊन. तुमच्याकडून नाही घेतली, तुम्हीही हसला असता. दोन्ही गुडघे फुटले, पण आता येते.

सीट ती नको, ती रेक्झिनची, उन्हात तापते. ही फोमची द्या. आणि पुढे बास्केट, मोठी — टिफिन, पाण्याची बाटली आणि छत्री मावली पाहिजे. सोमवारपासून भैरवगढला जायचंय मला, छपाईच्या कारखान्यात. तयार चादरी तपासायच्या, कुठे ठसा हलला, कुठे रंग फुटला — जर्मनीला जातो म्हणे माल, म्हणून डोळे असलेल्या बायका हव्यात. नऊ ते पाच. आणि ते कॅरिअर? ते आधी काढा. काढा अन् भंगारात टाका. एका बाजूला पाय सोडून बसायचे मी त्याच्यावर, आणि पुलाचा चढ आला की हे उतरवायचे, ‘वजन फार आहे’ म्हणून — बरं, उतरवलं तर उतरवलं, वर जाऊन माणूस थांबेल की नाही? नाही. सीधे घरी. मी मागून, साडीचा घोळ हातात धरून, चालत.

तब्येत कशी आहे? तशीच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. उजवं अंग गेलंच, बोलणंही गेलं, डावा हात तेवढा चालतो. खिडकीशी खाट टाकलीय, गल्ली दिसते. दिवसभर बघतात. एकटे न आत्ता, दुसरं कोण बसणार आहे त्यांच्यापाशी? आणि हे बघा, हे राहिलंच होतं — पर्समध्येच आणलीये. ओळखलीत? ह्याच सायकलची घंटी. वन्संनी कल्पना काढली, की जयंताला बोलता येत नाही, तर घंटी खाटेला लावा, काही लागलं की वाजवेल. लावली. पाणी, घंटी. पंखा, घंटी. माशी बसली, घंटी. वाजवायची सवय होतीच त्यांना — गल्लीच्या कोपऱ्यावरून तीनदा वाजवायचे, रोज, आणि सायकल दाराशी येईपर्यंत दार उघडं हवं आणि माझ्या हातात पाण्याचा पेला हवा. चौथ्यांदा वाजवायला लागली तर त्या दिवशी जेवण नाही. त्यांचं नाही हो, माझं.

म्हणून तर त्या दिवशी मला कळलं होतं. मे महिना, दुपार, घरोघरी कूलरची घरघर, कुणाला काय ऐकू येणार — मला आलं. तीनदा वाजली. मी पेला भरून दाराशी. मग चौथ्यांदा. पाचव्यांदा. मग थांबेचना, नुसती ट्रिंग ट्रिंग ट्रिंग, कशीही, तालच नाही — हे असं कधी वाजवत नाहीत, हे मला कळलं न, पाचव्यालाच कळलं. कडीला हात होता माझा. आणि मी तो पेला प्यायले. उभी राहून, हळूहळू, सगळा. गार होतं पाणी, माठातलं. मग खाली बसले. घंटी बंद झाल्यावर उठले, तेव्हा कोपऱ्यावर सायकलखाली पडलेले, अंगठा घंटीवर तसाच. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतंत तर वाचा राहिली असती. मी म्हटलं, मला ऐकूच नाही आलं हो, कूलर चालू होता. आमच्याकडे कूलर नाहीये, भय्यासाहेब.

हात का थांबवलात? चालू द्या न काम. आणि ह्या घंटीचं मी काय सांगते ते ऐका. आत दोन चकत्या असतात न, फिरतात आणि वाटीवर आपटतात? त्या काढायच्या. वरची वाटी राहू द्यायची, खटकाही तसाच — अंगठ्यानं दाबला की हलला पाहिजे, परत आला पाहिजे, पण आवाज नको. घंटीच का काढून टाकत नाही? काढली तर त्यांना कळेल की नाहीये. आणि वाजती ठेवली तर शेजारची कुसुम धावत येते. मागच्या आठवड्यात मी कारखान्यात भेटायला गेले, दोनच तास, तर ह्यांनी वाजवून वाजवून तिला बोलावली — मला म्हणते, वहिनी, असं सोडून जाता, मी तुमच्या वन्संना फोन लावते. लागला एकदा तो फोन की झाली माझी नोकरी. सकाळी मी घंटी खाटेवरून सोडवत होते तेव्हा हे बघत होते माझ्याकडे. म्हटलं, गंजलीये, तेल घालून आणते. बरं वाटलं हो त्यांना. हसले. अर्ध्या तोंडानं.

असं बघू नका. हे पाप आहे, मला माहितीये, तुम्ही कशाला सांगता? बावीस वर्षं मी दाराशी उभी राहिले, तेव्हा कुणी नाही सांगितलं. नाही करणार? ठीक आहे, पेचकस द्या इकडे. द्या. — ही वाटी अशी फिरवली की निघते — हं. ह्या बघा, चवलीएवढ्या आहेत. एवढ्यासाठी जीव टाकायचे मी. घ्या, ठेवा तुमच्या डब्यात, कुणाला तरी लागतील. बसवली वाटी. आता दाबा. दाबा न, अंगठ्यानं. — परत. — काही आलं ऐकू?

बस. आता माझ्या सायकलला घंटी द्या एक. ती नको, तिचा आवाज मरतुकडा आहे. ती मोठी, पितळी — हं, हीच. गल्लीच्या कोपऱ्यावरून आमच्या खिडकीत पोचेल. रोज येताना तीनदा वाजवीन. त्यांना कळायला नको, कोण आलं ते? चला, वेल्डिंगवाल्याला बोलवा आणि डंडा कापा. मी बसते इथेच, बाकावर. मला काही घाई नाहीये.