मामाजी गोठ्यात का राहायला गेले

प्रार्थना मंदिरात जमलेल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना, आयाबहिणींना माझा नमस्कार. अंगणवाडीत मी रोज लेकरांसमोर बोलते. पण मोठ्यांसमोर आज पहिल्यांदाच बोलते आहे. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे मामाजी, माझे सासरे तुळशीरामजी, गेल्या सोमवारी गेले. तुम्ही सगळे त्यांना ओळखता. तीस वर्षं झेंडूची आणि शेवंतीची फुलं घेऊन ते सकाळच्या पहिल्या गाडीने अमरावतीला जात. राजापेठेत पाटी मांडून बसत. त्यांच्या कामाबद्दल आधीचे सगळे बोलले. मी त्यांच्या दुखण्याबद्दल बोलणार आहे. आणि माझ्याबद्दल.

गालाचा कॅन्सर होता. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, तरी तो परत आला. अकोल्याच्या डॉक्टरांनी हात टेकले. गालावर जखम झाली. ती फुटली. आणि घरात वास सुटला.

कसा वास, ते मी इथे सांगत नाही. ज्यांच्या घरात झालं त्यांना माहीत आहे.

एक दिवस मामाजींनी आपली खाट स्वतः उचलली आणि गोठ्यात नेली. "मले तिथंच हवा लागते," म्हणाले. आम्ही अडवलं नाही. मी तर अजिबात अडवलं नाही. चार महिने मी पातळ भाताची वाटी गोठ्याच्या दाराशी ठेवत होते. दाराशी! आत पाऊल टाकत नव्हते. आतून कण्हण्याचा आवाज यायचा. परी, माझी सात वर्षांची पोरगी, विचारायची, "आई, आबा काहून रडून राहिले?" मी तिला अभ्यासाला बसवायची.

मग गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी अमरावतीच्या दवाखान्यातल्या एका वॉर्डाबद्दल सांगितलं. बरे न होणारे पेशंट तिथे भरती करून घेतात, त्यांचं दुखणं कमी करतात. गावात काय बोललं गेलं, मी ऐकलं आहे. "सुनेनं म्हाताऱ्याले मराले नेऊन टाकलं." बोलणारे इथेच बसले आहेत. माझा राग नाही. कारण खरं सांगू? नेताना माझ्याही मनात तेच होतं. सुटलो एकदाचे, असं वाटलं होतं मला.

तिथल्या डॉक्टरबाई आम्हा नवराबायकोला समोर बसवून म्हणाल्या, "ते बरे होणार नाहीत. पण दुखणं आणि वास, दोन्ही कमी करता येतं." कमी करता येतं! आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. की आम्ही विचारलंच नव्हतं?

दुखण्यावर मॉर्फीन सुरू झालं. मामाजी कित्येक दिवसांनी सलग झोपले. जखम धुवायला सिस्टर आल्या. त्या आज मागच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांनी तोंड फिरवलं नाही. "बाबा, दुखलं तर हात वर करा, मी थांबते," म्हणाल्या. मग मला हाक मारली. "ताई, इकडे या."
"माझ्याच्यानं होत नाही."
"आज नुसतं बघा."

पहिल्या दिवशी नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी पट्टी धरली. चौथ्या दिवशी जखम मी धुतली, त्यांनी दिलेली वास कमी करणारी पावडर मी टाकली. मामाजींनी माझा हात धरला. बोलणं बोबडं झालं होतं, पण मला कळत होतं. "बाई, तुले वास येत नाही काय?"
"येते, मामाजी. पण लय कमी झाला."
ते हसले. मी खोटं बोलले असते तर ते हसले नसते.

मग मी विचारलं, "तुमी गोठ्यात काहून गेलते? घरात हवा नव्हती काय?"

ते म्हणाले, "तू पदर नाकाले लावून जेवत होती. मंग जेवणच सोडलं. उपाशी राहून राहिली होती तू. म्हून गेलो."

ऐकलंत? माझ्या जेवणासाठी गेले होते ते. आणि मी चार महिने पोटभर जेवले.

मी त्यांचे पाय धरले. ते म्हणाले, "पाय काय धरतं? पट्टी लाव, सिस्टर वाट पाहून राहिली."

रविवारी परी आली. पलंगावर चढून बसली, आबांच्या मांडीला टेकून तिने डबा खाल्ला. ते तिच्याकडे बघत राहिले. त्यांना गिळता येत नव्हतं, पण प्रत्येक घासाला त्यांचा गळा हलत होता.

बावीस दिवस ते तिथे होते. शेवटी म्हणाले, "घरी ने." डॉक्टरबाईंनी औषधं बांधून दिली. आमच्या ह्यांनी बैठकीची खोली झाडूनपुसून ठेवली. मंगळवारी निघायचं ठरलं. सोमवारी सकाळी मी जखम धुतली, पट्टी बांधली, हात धुवायला नळावर गेले. परत आले तर सिस्टर त्यांची नाडी बघत उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तेव्हाच मला कळलं.

मंडळी, मला कुणाला शिकवायचं नाही. माझा तो अधिकार नाही. पण आपल्या गावात आजही कुणाच्या मागच्या खोलीत, कुणाच्या छपरीत, असं माणूस पडलेलं असेल. "मले इथंच बरं वाटते," असं ते म्हणत असेल. त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका. आत जा. जवळ बसा. मला चार महिने उशीर झाला, तुम्हाला होऊ देऊ नका.

मामाजी, बावीस दिवस तुमची सेवा केली असं लोक मला म्हणतात. मला ते ऐकवत नाही. तुमची माफी मागायची राहून गेली, तुम्ही ती मागूच दिली नाही.

आता सगळ्यांनी उभं राहावं. दोन मिनिटं कुणी बोलू नये. माझं बोलणं संपलेलं नाही, पण ज्यांना सांगायचं होतं ते ऐकायला नाहीत.