कोमट दशम्या

बडोद्यात होते एक जमादार, होती एक जमादारीण. माझेच बाबा नि आई. महाराजांच्या राज्यात बाबा हरणीला विमानांच्या मैदानावर पहारा करत. मला दिलेली भावनगरला. माझी दोन बाळं गेल्यावर तिसऱ्या वेळी कळा सुरू झाल्या, तशी आईला तार गेली. आगगाडीला खाडीच्या वळशाने दिवस लागे. विमानवाले साहेब म्हणाले, "जमादार, मी तिकडेच निघालोय, बाईंना बसवा."

आई दोन दिवस पुरतील अशा ताज्या दशम्या बांधून, डोळे गच्च मिटून बसली. पाऊण तासात उतरली, तर तेच गवत, तीच पत्र्याची खोली!

"साहेब, परत बडोद्याला का आणलंत? पोर वाट बघतेय माझी!"

"बाई, खाडी मागे राहिली. तो बघा जावई!"

माझ्या उशाशी आईने फडकं सोडलं, तर दशम्या अजून कोमट. बडोद्याच्या चुलीची ऊब भावनगरात! त्याच संध्याकाळी माझा सदा जन्मला, आणि जगला.