ललिताच्या मापाची काठी

हॅलो? … हॅलो, ललिता? … वारा ऐकू येतोय, तू नाही. वाऱ्याकडे पाठ कर. … फोन नको फिरवूस, तू फिर. … हां. आता आलीस.

पोचलीस? … इटियाडोह धरणावर, ते ठाऊक आहे. पण कुठल्या बाजूला? … कमळाच्या पानांजवळ? ललिता, मी मोकळं आणि उथळ पाणी सांगितलं होतं. … मासे तिथेच असतात, हे खरं. पण काठी नवी आहे आणि दोरी पानांत गुंतते. … बरं, बरं. पानांपासून जरा सरकून उभी राहा. सरकलीस? … किती? … 'जरा' हे माप माझंच होतं, कबूल.

सोबत कोण आहे? … मच्छीमार सोसायटीचे केवळराम? दे त्यांना फोन. … नमस्कार केवळरामजी, मी देवीदास. ललिताचा मोठा भाऊ, मुर्रीहून बोलतोय. … हो, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो. आता काठ्या करतो. … नाही, गुरं राखायच्या नव्हेत, मासे धरायच्या. … बांबूच्याच. तुमच्याही बांबूच्याच असतात, मान्य. पण ही अख्ख्या बांबूची नाही. बांबू चिरायचा, त्याच्या सहा कामट्या रंध्याने तीनधारी तासायच्या आणि त्या परत एकमेकींना चिकटवून एक काठी करायची. …

हा प्रश्न मला सगळेच विचारतात. पुन्हा जोडायचाच होता तर फोडला कशाला? … कारण अख्खा बांबू त्याच्या मर्जीने वाकतो. कामट्या मी तासल्या, म्हणजे काठी कुठे वाकायची ते मी ठरवलं. … तो वर गुंडाळलेला दोरा कोशाच्या रेशमाचा आहे. वर लाखेचे हात दिलेत. ओढून नका पाहू. … नका म्हटलं ना. … आभारी आहे. परवानगी दिलीत त्याबद्दलही. आणि तिच्याकडे लक्ष असू द्या, ती विचार न करता पाण्यात शिरते. … द्या तिला.

हां, ललिता. … तक्रार नाही केली. वस्तुस्थिती सांगितली.

काठीचे दोन्ही तुकडे जोडलेस? … पितळी नळीत सरळ दाबून घाल, पिळू नकोस. … आवाज आला? टक असा? … मग बसली.

आता मूठ कशी वाटते ते सांग. … 'बरी' म्हणजे काय? आमच्याकडे 'बरी' अशी पट्टी नाही. अंगठा कुठे टेकतो? … खोबणीत. आणि करंगळी? … लोंबकळत नाही ना? … छान. म्हणजे कणीक वाळून किती आकसते याचा माझा अंदाज बरोबर निघाला. … अगं, दिवाळीत तुझ्या हातात कणकेचा गोळा देऊन दाबायला सांगितलं होतं ना, ती कणीक. … तुला वाटलं मी पोळ्या लाटायला बसवतोय. चिडलीही होतीस. … त्या गोळ्यावर तुझी बोटं जशी उमटली तशीच सावरीच्या लाकडात कोरली. वाकडी उमटली होती, म्हणून मूठही वाकडी आहे. …

नाही, ललिता. हात सरळ होईल असं मी कधीच म्हटलं नाही. डॉक्टरांनी म्हटलं नाही, मी कोण म्हणणारा? हाड जसं जुळायचं तसं जुळलं. हात काठीप्रमाणे वळत नसेल तर काठी हाताप्रमाणे वळवायची, एवढाच माझा विचार. … हो. … हो, मला ठाऊक आहे तू मागितली नव्हतीस. पण धानाच्या बांधीत घसरून मनगट मोडलं, त्या दिवसापासून तू एकदाही गरी टाकली नाहीस. कालव्यावरून जाताना मान फिरवतेस म्हणे. … तुझ्या लेकीने, रीताने सांगितलं. तिला नको रागावूस. … आम्हाला ते बघवत नाही, इतकंच. … तुला जास्त जड जातं. मान्य.

काय? पुन्हा बोल, वारा आला. … वालाला? … म्हणजे आज मासा लागला नाही, तर या काठीवर तू परसातला वालाचा वेल चढवणार? … गंमत करतेस ना? … नाही? … आणि पुन्हा कधी पाण्याकडे जायचा आग्रह मी करायचा नाही. … ऐकलं. … हो, ऐकलं म्हटलं ना. अट मान्य. पण प्रयोग आधी पूर्ण कर, निकाल मग दे. तू नेहमी उलट करतेस.

आता फोन गळ्यात अडकव आणि स्पीकरवर टाक, दोन्ही हात मोकळे हवेत. … येतोय आवाज. …

काठी हलून राहिली? हलणारच. ती मऊ केली आहे मुद्दाम. ताठ काठीला झटका मनगटाने द्यावा लागतो. ही मऊ आहे म्हणून झटका ती देईल, तू फक्त मागे-पुढे न्यायची. … कमजोर नाही. मऊ आणि कमजोर यांत फरक असतो. …

अवसेचा आहे का बांबू? … हा प्रश्न येणारच होता. … ललिता, तो विषय लांबलचक आहे, तू आधी दोरी … बरं, सांगतो. मी दोन बांबू कापले. एक अंधाऱ्या पंधरवड्यात, एक उजेडाच्या. एकाच बेटातले, एकाच वयाचे. अंधाऱ्या पंधरवड्यात कापलेल्याला घुण लागत नाही, असं आई म्हणायची, तू म्हणतेस, तुमची अख्खी अर्जुनी म्हणते. मी म्हटलं, म्हणण्यापेक्षा पाहू. … मग त्यांच्या कामट्यांवर वेगवेगळ्या खुणा केल्या. … कशाने म्हणजे? … खडूने. …

हो. … आणि मग कामट्या नरम पडाव्यात म्हणून टाक्यात भिजत घातल्या. … हस. … हसून झालं की सांग. … पाण्याने खडू जातो हे मला माहीत आहे, ललिता! जन्मभर ओल्या फडक्याने फळा पुसलाय मी. … म्हणूनच तर हात खडूकडे गेला. सवयीला डोकं नसतं. … नाही, आता सांगता येणार नाही. तुझ्या काठीतली कुठली कामटी कुठल्या पंधरवड्याची, ते फक्त चंद्रालाच माहीत. … हे मी उपहासाने म्हटलं. केवळरामजींना तसं सांगू नकोस. … सांगितलंस? … तेही हसले? … वा.

चल, दोरी काढ. टोकाला नायलॉनचा तंगूस आहे, त्याला माशी बांधली आहे. … अगं, खरी नाही. कोंबड्याच्या पिसाची. … शेजारच्या सुमित्राबाईंच्या कोंबड्याची. तो हल्ली मला पाहिलं की कौलावर चढतो. …

आता ऐक. तुला गरी टाकायची सवय आहे. तिथे वजन गळाला असतं आणि गळ दोरीला नेतो. इथे वजन दोरीलाच आहे. माशीला काहीच वजन नाही, ती दोरीमागून जाते. म्हणून फेकायचं नाही. काठी मागे न्यायची, थांबायचं, दोरी मागे सरळ झाली की पुढे आणायची. … मागे … थांब … पुढे. … काय झालं? … पायाशी पडली. थांबली नाहीस. पुन्हा. … मागे … अगं थांब … पुढे. … पुन्हा पायाशी? … खांद्याने फेकतेस तू. काठीला काम करू दे. …

मला ऐकू येतं ना इथे! दोरी नीट गेली की सूंऽऽ असा आवाज येतो. मघाशी नुसता फटकारा आला. … पुन्हा. मागे … थांब … … काय? … कुणाच्या टोपीत? … केवळरामजींच्या? … डोकं ठीक आहे ना? … टोपी तेवढीच. मग गळ उलटा ओढ, निघेल. त्याला उलटा काटा ठेवलेला नाही. … त्यांना म्हणावं, मागे उभं राहू नका. बाजूला उभे राहा. … दुसऱ्या बाजूला. …

थकलीस? … हात दुखतोय? … खरं सांग. … हात नाही दुखत? मग काय? … लाज? कुणाची लाज? … ललिता, लहानपणी नाल्यावर तू ओंजळीओंजळीने मासे काढायचीस आणि मी रिकामी टोपली घेऊन तुझ्यामागे घरी यायचो. आई विचारायची, देवीदासाने काय आणलं? तू म्हणायचीस, टोपली. … मी मेलो का लाजेने? … बरं. मग आणखी एकदा. माझ्यासाठी नको. वालाची कीव म्हणून कर. वेल एवढी चांगली काठी घेऊन काय करणार?

मागे … थांब … … …

हां! … ऐकलं. मला ऐकू आलं. सूंऽऽ गेली ना? … किती लांब गेली ते असू दे. सरळ गेली ना? … पानांच्या कडेला? … ठीक आहे. आता हळूच ओढ, दोन बोटं, थांब, दोन बोटं. छोटी चिलापी असेल तर लगेच … …

काय? … काय लागलं? … ललिता! … चिलापी एवढी ओढत नाही. … मरळ? मरळ आहे? … अरे देवा. … म्हणजे, बोलायची पद्धत आहे ती. … ऐक, ही काठी मरळीसाठी केलेली नाही! … किती वाकली? … मुठीपर्यंत? … दोरी सोड! … सोड ना बाई! कायले आवळून राहिली? जाऊ दे तिले! … जाऊ दे म्हणतो ना! पानात नको जाऊ देऊ! … टोक खाली कर, आडवं! डाव्या अंगाले! … आता ओढ. … हळू, हळू, हळू … अगं केवळरामजींना म्हणावं पाण्यात नका उतरू, भेदरून जाईल ती! …

हो, आईसारखं बोलतोय. बोलीवरचा माझा ताबा सुटला. काठीवरचा तुझा नको सुटू देऊस. …

वाकू दे. वाकायलाच केली आहे. … जिथपर्यंत वाकते तिथपर्यंत … …

ललिता? तो आवाज कसला? … ललिता! … कडकन वाजलं काहीतरी. … कुठून तुटली? … जोडापाशी की वर? … बोल ना! कुठली कामटी गेली? …

काय? … गुडघा? … तुझा गुडघा वाजला? … खाली बसलीस म्हणून? … …

आणि काठी? … शाबूत? … नीट बघ. … शाबूत. …

नाही, आधी गुडघ्याचं विचारायला हवं होतं. चुकलं. … दुखतोय का? … मग ठीक. … हो, मला माणसांपेक्षा कामट्या प्रिय आहेत, आता सगळ्या अर्जुनीला सांग. … मासा कुठे आहे? … केवळरामजींच्या हातात? … आली? बाहेर आली? … …

ललिता? … काय गं. … बरं. … बरं, थांब जरा. श्वास घे. … मी आहे फोनवर. … …

केवढी आहे? … कोपरापर्यंत? तुझ्या की केवळरामजींच्या? … मग चांगलीच आहे. … सोडू नकोस. सोडून द्यायचं व्रत मी घेतलेलं नाही. रस्सा कर. … मनगट कसं आहे? … थोडं ठणकतंय. साहजिक आहे. … वळत नाही, पण धरलं. एवढंच हवं होतं.

काय म्हणालीस? … अवसेचाच बांबू म्हणून टिकला? … नाही. नाही, नाही. हे सिद्ध होत नाही. एक काठी, एक मरळ, आणि कामट्यांचा घोळ. यावरून काहीही सिद्ध … पुनवेचा असता तर मोडला असता, हे तुला कुणी सांगितलं? केवळरामजींनी? … त्यांना सांग, कदाचित सहाच्या सहा पुनवेच्या असतील. … कदाचित अवसेच्या असतील, हेही तितकंच शक्य आहे. … 'तितकंच' म्हणालो, 'तसंच' म्हणालो नाही.

पुढची? … कुणासाठी? … केवळरामजींना हवी? अख्ख्या बांबूवाल्यांना? … करतो. पण त्यांचीही मूठ घ्यावी लागेल. … कणीक तू मळ. … आणि बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात कापावा, ही अट? … कापतो. … श्रद्धा म्हणून नव्हे. निदान अर्धा प्रयोग तरी नीट होईल. … खूण? या वेळी तापल्या सळीने डाग देईन. खडू कपाटात कुलूप लावून ठेवलाय. …

'अजून निघू नकोस' असं मी म्हटलं नाही. … तूच म्हणतेस? … आणखी एकदा टाकायची? … टाक की. मला काय विचारतेस? … केवळरामजी बाजूला झाले? … टोपी? … बरं.

मागे … … थांबली … … पुढे. … हां. …

ललिता, एक सांगायचं होतं. … ललिता? … हॅलो? …

फोन गळ्यात आहे तुझ्या. चालू आहे. … … नाही ऐकत. …

मागे … थांबली … सूंऽऽ … बरोबर. … मागे … थांबली … अगदी बरोबर. …

वालासाठी दुसरी काठी शोध, एवढंच म्हणायचं होतं. … … …

ठेवतो मी.