मागच्या गल्लीतले परदेशी

—नाही, नाही, बसा की, बाक शाळेचा आहे, माझा नाही. पिशवी मांडीवर कशाला घेता, ठेवा इथं मध्ये. तुम्ही त्या कॉम्प्युटरसाठीच आलात ना? वाटलंच मला. सकाळपासून पडद्यावर नुसतं निळंच दिसतंय, बाई सारख्या येऊन बघून जातात — बघून काय होतंय. घाई करू नका. साहेब यायचेत अजून. पांढऱ्या गाडीतून येतील, आले की कळेलच सगळ्यांना. तोवर बसू आपण.

मी? मी परदेशी. हसा, हसा, हसायला हरकत नाही. आडनाव आहे ते. वैजनाथ परदेशी. राहायला शाळेच्या मागच्या गल्लीत, गिरणीशेजारी. आमचे पणजोबा उत्तरेकडून आले म्हणे — कुणी म्हणतं पलटणीबरोबर, कुणी म्हणतं घोड्यांच्या मागं — आता कोण सांगणार — आणि पुण्यातल्या लोकांनी नाव ठेवलं परदेशी. पुण्यातले लोक एकदा नाव ठेवलं की मागं घेत नाहीत. मी जन्मलो इथं, मार्केट यार्डात हमाली केली इथं, बायको गेली तीही इथंच. तरी कुणी मूळ गाव विचारलं आणि मी गुलटेकडी म्हटलं, की म्हणतात, तसं नाही हो, मूळ, मूळ. मूळ विचारायला मी काय मुळा आहे?

तर ही शाळा आता जागतिक होणार. सगळ्या राज्यातल्या सरकारी शाळांमधून थोड्या निवडणार, त्यांतल्या पोरांना जगाची माहिती, जगातल्या माणसांशी बोलणं, असं सगळं. चांगलंच आहे, वाईट काय त्यात? पूर्वी यार्डात काश्मीरचं सफरचंद यायचं, आता अमेरिकेचं येतं, त्याला स्टिकर असतो. तसंच काहीतरी पोरांना लावणार असतील.

पण निवड झाली तर शाळा राहणार, अशी गोष्ट आहे. पट कमी झालाय ना — इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या गल्लीत येतात, पोरं उचलून नेतात. नाही झाली निवड तर ही शाळा मिटवून सातारा रस्त्यापलीकडच्या शाळेत घालणार. रस्ता बघितलाय ना तुम्ही तो? आमचा दिग्विजय हिंजवडीला कंपनीची गाडी चालवतो, त्याला घर दिसतं ते अंधारातच. सूनबाई दवाखान्यात कामाला. नातीची ने-आण माझ्याकडं. राजनंदिनी, तिसरीत आहे. गुडघे मला इथवर आणतात, त्या रस्त्यापलीकडं काही नेणार नाहीत. सूनबाई म्हणाली, शाळा हलली तर वर्षभर घरी बसेल पोरगी, मग बघू. आता घरी बसलेली पोरगी परत उठते का हो? आमची मथुरा, माझी बहीण, तीही वर्षभरच बसणार होती.

तर परवा बाईंना वरून फोन आला. बाई म्हणजे सुहासिनीबाई, मुख्याध्यापिका, समोरच्याच खोलीत आहेत — जरा हळू बोलू. साहेब शाळा बघायला येणार, तेव्हा पोरांचा एखाद्या परदेशी माणसाशी संवाद झाला पाहिजे. बाईंनी पोपटला, म्हणजे शिपायाला, सांगितलं, हिंजवडीकडं जा, कुठल्यातरी कंपनीतला परदेशी गाठ. पोपटनं विचार केला, इतक्या लांब कशाला जायचं, मागच्या गल्लीत आहेत की परदेशी. आला माझ्याकडं. आजोबा, म्हणाला, साहेबांना तुम्हीच पाहिजे. मला वाटलं, असेल बुवा. उशीर झाला जरा, पण कुणालातरी वाटलं आपल्याला विचारावं. दाढी केली, सदऱ्याला इस्त्री केली, आलो. बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग पोपटकडं बघितलं. मग पाणी मागवलं. शिवी दिली नाही — चांगल्या घरच्या आहेत. मग म्हणाल्या, आता गोरा माणूस कुठून पैदा करू? परदेशी सांगितला होता, हे परदेशीच आहेत, यात खोटं काय आहे? मी म्हटलं, काही नाही.

एकच अडचण — मराठी बोलायचं नाही. हिंदी बोला म्हणाल्या, तीही जरा वेगळीच. माझी हिंदी हमालाची. बाजू हटो, माल उतारो. त्यात संवाद कितीसा होणार? मग असं ठरलं, मी नुसती मान हलवायची आणि मी काय म्हणालो ते बाईंनी पोरांना सांगायचं. पोरांचे प्रश्न पाठ आहेत, इंग्रजीत. तुमच्या देशात काय खातात, तुमच्या देशातली मुलं काय खेळतात. मी मान हलवणार, बाई सांगणार. माझा देश माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त माहीत आहे.

तुम्ही बोलत नाही फारसं. बरंय ते. बाईंनी मलाही बजावलंय, आजोबा, कुणाशी बोलू नका. पण तुम्ही मशीनचे लोक, तुम्हाला काय करायचंय.

ती बघा, निळ्या रिबिनीची, डबा धुवायला गेली आत्ता — तीच ती, राजनंदिनी. माझ्याकडं बघितलं नाही तिनं. बरोबर केलं. सकाळी वेणी घालताना विचारत होती, आजोबा, आज मी तुम्हाला ओळखायचं नाही ना? म्हटलं, नाही. मग उद्या? उद्या ओळखायचं. आणि साहेब परत आले तर? मी वेणी घातली. पण बघितलंत ना कशी गेली — थबकली नाही, हसली नाही, बाकावर कुणी म्हातारा बसलाय तर बसू दे, अशी गेली सरळ. शिकवलेलं लगेच येतं तिला. म्हणून तर म्हणतो, शाळा राहिली पाहिजे.

हा आला पोपट. अरे पोपट, यांना आत घे बाबा, तो पडदा — काय? कुणाला शोधतोयस? नाही रे, गाडी नाही आली अजून, मी इथंच बसलोय ना. — रिक्षानं? साहेब रिक्षानं आले? कधी?

हे?

बसा, बसा — नाही, उठा, तुम्हाला आत जायचंय. पिशवी राहिली, साहेब. ते मी आत्ता जे बोललो ना, ते — म्हातारा माणूस, ऊन लागलं असेल. बाईंची त्यात काही चूक नाही. पोपटचीही नाही, त्याला जे सांगितलं ते त्यानं आणलं. पोरं तर काय, पोरंच. रागवायचं तर माझ्यावर रागवा, पण शाळेवर — हळू बोला साहेब, पोरं दाराशी आलीत. तीही आहे त्यांत. पुढंच उभी आहे.

काय विचारलंत?

मला विचारताय? — आपण कुठून आलात, असं?

लांबून, साहेब. फार लांबून.