नांगर न लागलेलं इंधन

सत्यवती: ...म्हणून विचारते, भाऊजी. देव्हाऱ्याखाली पत्र्याचा डबा होता. आज उचलला तर हलका लागला.

विश्वनाथ: निळ्या झाकणाचा? वहिनी, तो मीच रिकामा केला. मला वाटलं, माझ्या पोत्यातली सांडलेली मोहफुलं तुम्ही गोळा करून ठेवली.

सत्यवती: पोती अंगणात होती. देव्हाऱ्याखाली कशी सांडतील?

रुपराव: मास्तर, वहिनी बराबर बोलून राहिल्या.

विश्वनाथ: तू जीपखाली होतास ना रुपराव? तिथेच राहा.

रुपराव: राहतो ना गा. पण कान बाहेरच हायेत.

सत्यवती: मग ती फुलं आता कुठे आहेत?

विश्वनाथ: त्या कॅनमध्ये. भिजवली, आंबवली, भट्टी लावली, पुन्हा पुन्हा गाळून स्पिरिट काढलं. दोन पोती आणि तुमचा डबा, सगळं एकात. आता वेगळं करता येणार नाही.

सत्यवती: ते कळलं. उद्या हलषष्ठी आहे.

रुपराव: हे काय असते, वहिनी? आमच्या जरीपटक्याच्या वस्तीत नाही ऐकलं.

सत्यवती: माझ्या माहेरचं व्रत आहे, गोंदियाकडचं. मुलासाठी करायचं. त्या दिवशी नांगर लागलेलं काही तोंडात घालायचं नाही. तळ्याकाठी आपोआप उगवलेला तांदूळ, म्हशीचं दही आणि मोहफूल. बहीण चैत्रात फुलं वेचते, वाळवते, माझ्यासाठी पाठवते.

विश्वनाथ: इतवारीच्या बाजारात मिळतील की.

सत्यवती: सकाळी जाऊन आले. पावसाळ्यात कोणी ठेवत नाही म्हणाले. एक दुकानदार तर माझ्याकडे पाहतच राहिला, बाईला मोहफूल कशाला लागतं म्हणून.

विश्वनाथ: एखाद्या वर्षी मोहाशिवाय केलं तर?

सत्यवती: ओमप्रकाश झाला तेव्हापासून चुकलेलं नाही. आणि या वर्षी तर नकोच चुकायला. तो कुवेतला, तेलाच्या विहिरींवर. घराबाहेरचं पहिलंच वर्ष आहे त्याचं.

विश्वनाथ: माझ्या डोक्यात दुसरं काय आहे, वहिनी? तिकडे इराणात गडबड झाली आणि इथे पंपावर रांगा लागल्या. झाडापासून इंधन निघालं तर आपल्या पोराला वाळवंटात जायचं कारण काय?

सत्यवती: निघेल?

विश्वनाथ: उद्या गाडी चालवून पाहतो आहे. सोमवारी कॉलेजच्या कमिटीला सांगायचं आहे, पेट्रोलची जागा हे घेईल की नाही. इंधनासाठी ऊस लावला, ज्वारी लावली, की खाण्याचं शेत अडतं. मोहाला शेत नको, पाणी नको, नांगरही नको. तुमच्या व्रताची आणि माझ्या प्रयोगाची अट एकच निघाली, बघा.

सत्यवती: लाकडं मात्र लागली. चुलीची सगळी तुमच्या भट्टीखाली गेली. मी स्टोव्हवर स्वयंपाक करून राहिले.

विश्वनाथ: रॉकेलवर.

सत्यवती: हो.

रुपराव: लिहा मास्तर. रॉकेल बी धरा हिशेबात.

विश्वनाथ: धरतो. तू जास्त स्पिरिट जावं म्हणून कार्बोरेटरचा जेट मोठा केलास का?

रुपराव: केला. अन् मले एक सुचून राहिलं. उमरेडच्या पुढं, जंगलाच्या कडेले माह्या मावशीचं गाव हाय. जयवंतामावशी. तिच्या घरी मोह असतेच. गाडी तर उद्या चालवाचीच हाय. फुटाळ्याच्या तलावाले चकरा मारण्यापेक्षा तिकडंच जाऊ. वहिनीचं काम होईन, मास्तरचंही होईन.

सत्यवती: पूजा दुपारची असते.

रुपराव: सकाळी निघतो ना.

सत्यवती: मला येता येणार नाही. उद्या नांगरलेल्या जमिनीत पाय ठेवायचा नसतो.

विश्वनाथ: तुम्ही घरीच राहा. पण वहिनी, एक सांगा. गाडी चालणार दारूवर. तिच्यातून आणलेलं फूल व्रताला चालेल?

रुपराव: दारू इंजिन पिते, मास्तर. आपण थोडी पितो?

सत्यवती: फूल झाडावरून पडतं. पुढे कोण त्याचं काय करतं, ते फुलाला ठाऊक नसतं. चालेल.

रुपराव: अन् पेट्रोलवर आणलं असतं तर? पेट्रोललेही नांगर नाही लागत. म्हंजे उपासाले चालते.

सत्यवती: तुम्ही घ्या चमचाभर, मग मला सांगा.

(दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच अंगणात. जीप नुकतीच येऊन थांबली आहे.)

रुपराव: चालली, वहिनी! बाप्पा, काय चालली! सुरू करताना घोटभर पेट्रोल पाजलं, मंग आपल्या मनानं. कोळशाच्या ट्रकाले मागं टाकलं. धूर नाही, काही नाही.

विश्वनाथ: इंजिन पेट्रोलपेक्षा गार राहतं. पितं मात्र जास्त.

रुपराव: अन् वास! नाक्यावर शिपायानं थांबवलं. मले म्हणे, तोंड उघड. मी उघडलं. मास्तरले म्हणे, तुम्ही उघडा. मास्तरनं स्पिरिटच्या परवान्याचा कागद काढला, तरी म्हणे पहिले तोंड.

विश्वनाथ: उघडलं.

रुपराव: दोघंही कोरडे! मंग तो खाली वाकला, गाडीच्या नळीले नाक लावलं, अन् म्हणे, आता हिच्यावर केस कशी करू?

सत्यवती: फुलं मिळाली?

विश्वनाथ: मिळाली. ही घ्या.

सत्यवती: ही पुडी?

विश्वनाथ: हो. मूठभर आहेत.

सत्यवती: मला पुरतात. पण तुम्ही तर पोतं घेऊन गेला होता.

विश्वनाथ: मागितलं होतं पोतंभर. पुढच्या प्रयोगाला लागेल म्हणून.

रुपराव: मावशी म्हणे, कशाले पाह्यजे? मास्तर म्हणे, गाडीले. मावशी म्हणे, काहून गा, गाडी काय ज्वारी निघेपर्यंत उपाशी राहून राहिली?

सत्यवती: मग?

विश्वनाथ: टोपली पुढे केली. आत पाहा म्हणाल्या. अर्धीही भरलेली नव्हती. सध्या घरी तेच शिजतं, मोह आणि थोडी कणी. मी पोतं घडी करून गाडीत ठेवलं.

रुपराव: मंग मी म्हटलं, मावशी, एका बाईचा पोरासाठी उपास हाय, डबा आमच्या हातानं खाली झाला. तवा उठली. मूठ भरली. पुडी बांधली, पुन्हा सोडली, अजून चार फुलं टाकली.

सत्यवती: त्यांच्यासाठी प्रसाद काढून ठेवते. कोण नेईल?

रुपराव: पोळ्याले जाणारच हाय मी. बसनं नेतो.

सत्यवती: बसनेच न्या. आणि तो कॅन?

विश्वनाथ: रिकामा आहे. येताना दिघोरीपाशी संपलं. तिथून पुढे पेट्रोल टाकलं.

सत्यवती: दोन पोती.

विश्वनाथ: आणि डबा.

सत्यवती: बसा सावलीत. पाणी आणते.

विश्वनाथ: राहू द्या, वहिनी, उपासाच्या आहात. मी घेतो. खरं सांगू का, कालपर्यंत मला कमिटीपुढे उभं राहून हो म्हणायचं होतं. आणि गाडी चालली, हे खोटं नाहीच. पण अख्ख्या विदर्भातला मोह आणून ओतला तरी नागपूरच्या फटफट्यांना पुरणार नाही. आणि ओतायचा तो कोणाच्या टोपलीतून?

रुपराव: म्हंजे नापास?

विश्वनाथ: नापास नाही. साखर कारखान्यांची मळी असते, तिचं स्पिरिट निघतं. ते पेट्रोलमध्ये थोडं मिसळता येईल. तेवढं पेट्रोल वाचेल. पण पेट्रोलची जागा घेणं वेगळं.

सत्यवती: थोडं वाचलं तरी वाचलंच ना?

विश्वनाथ: वाचलंच. पण ओमला परत आणण्याइतकं नाही, वहिनी. मला ते करायचं होतं.

सत्यवती: त्याच्यासाठी माझं व्रत आहे. तुम्ही कमिटीचं पाहा.

रुपराव: फुलं बरी हायेत ना, वहिनी? रस्त्यात पाऊस लागला होता. मी सदऱ्यात धरली होती.

सत्यवती: कोरडी आहेत. रंगही चांगला आहे. भाऊजी, तो निळ्या झाकणाचा डबा धुऊन ठेवला आहे, तेवढा द्या. पूजेपुरती काढते, बाकीची त्यात राहतील.

विश्वनाथ: देव्हाऱ्याखालीच ठेवू?

सत्यवती: तिथेच. आता तुम्हाला ठाऊक आहे कोणाची ते.

रुपराव: मास्तर, नाव लिहा डब्यावर. मोठ्या अक्षरात.

विश्वनाथ: ऐकतो आहे रे. वहिनी, संध्याकाळी ओमला पत्र लिहायला बसतो. तुमच्याकडून काय लिहू?

सत्यवती: लिहा, व्रत झालं.

विश्वनाथ: आणि गाडीचं? त्यानं मागच्या पत्रात विचारलं होतं.

सत्यवती: तेही लिहा. झालं तसं. उमरेडच्या पुढे गेली, आणि मूठभर घेऊन आली.